तळ्याच्या माळावरचे पाच दगड

मी एक जिंकलेलं गाव बघायला गेले होते. मराठवाड्यात असं गाव असेल यावर माझा विश्वास नव्हता, आणि म्हणूनच जायचं होतं.

मी मूळची लातूरची, शिकायला नांदेडला. तिथं आम्ही काही पोरंपोरी मोकळ्या जागांसाठी पत्रकं काढतो. पत्रकाच्या एका बाजूला मागण्या, दुसऱ्या बाजूला संताप. सध्या आमचा संताप होस्टेलमागच्या मैदानापाशी अडकलाय. नकाशात ती जागा बागेसाठी राखीव आहे. प्रत्यक्षात तिथं शहराचा राडारोडा येऊन पडतो आणि कडेकडेनं पत्र्याची शेडं पुढं सरकतात. आम्ही निवेदनं दिली, साखळी उपोषण केलं, घोषणा देऊन घसे बसवून घेतले. निवेदन घेणारे साहेब बदलत राहिले. चहा मात्र प्रत्येकानं पाजला.

अशात कळलं की उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला, एका छोट्या गावानं तळ्याकाठचा सरकारी माळ प्लॉटिंगवाल्याच्या घशातून परत काढलाय. कोर्ट नाही, मोर्चा नाही. आमच्यातला संतोष म्हणाला, "तू जा. बघ आणि लिही. आपल्या पोरांना एक तरी जिंकल्याची गोष्ट पाहिजे."

गेले. बघितलं. लिहितेय. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला ज्यांनी जेवू घातलं त्यांना अजून तिथंच राहायचंय.

नांदेडहून उदगीर, मुखेडमार्गे

एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन दिवसांवर येळवस होती. जे या भागात आलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वेळा अमावास्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. मार्गशीर्ष सरता सरता येणारी ही अमावास्या म्हणजे लातूर जिल्ह्याची खरी दिवाळी. त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जाऊन जेवतात. बाजारपेठ बंद, रस्ते रिकामे. पुण्याला नोकरीला गेलेली माणसं दिवाळीला येणार नाहीत, पण येळवशीला येतील. लातुरात आमच्या लहानपणी पाणी टँकरनं यायचं, ड्रमाला कुलूप असायचं, पण येळवशीचं आंबील कधी चुकलं नाही.

माझ्या शेजारी एक मावशी मांडीवर दह्याचं गाडगं घेऊन बसली होती. आंबिलासाठी दही लेकीकडं घेऊन निघालेली. मुखेडच्या अलीकडं ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि अर्धं गाडगं माझ्या पिशवीत गेलं. पिशवीत पत्रकं होती.

"काय कागद होते गं त्ये? महत्त्वाचे?" मावशीनं पदरानं पुसत विचारलं.

"मागण्या होत्या."

"कुणाकडं?"

"सरकारकडं."

"मग र्‍हाऊ दे," ती म्हणाली, आणि पुसायचं थांबली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर वाळायला लागलेली, हरभरा गुडघ्याच्या खाली, मधेमधे करडईचे काटेरी पट्टे. आणि या सगळ्यात कमानी. काळ्याभोर रानात एकदम प्लास्टरचे हत्ती असलेली भव्य कमान, तिच्यावर कुठल्यातरी देवाच्या नावानं "नगरी", आणि कमानीच्या आत एकही घर नाही. नुसत्या सिमेंटच्या खुंट्या आणि गवतात बसलेलं एक कुत्रं. मुखेड ते उदगीर मी अशा कमानी बघत आले. त्यांच्यातून आत जायला रस्ता असतो. आत मात्र काही नसतं. माती तेवढी गेलेली असते.

बाईंच्या घरी

उदगीरला उतरून काळी-पिवळी पकडली. गावाच्या फाट्यावर इंदूबाई उभ्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, म्हणून सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं. माळ वाचवण्याची कल्पना त्यांची होती, एवढं मला ठाऊक होतं. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, आणि चालताना मला मागं टाकणाऱ्या.

"पत्रकवाली तूच का? दह्याचा वास कशाचा येऊन राहिलाय?"

सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "बरं झालं. कुणीतरी वास तरी घेईल," म्हणाल्या.

त्यांचं घर खालच्या गल्लीत. खालची गल्ली म्हणजे ज्यांना शेत नाही त्यांची. हमाल, गवंडी, वाजंत्री, भाजीच्या गाड्या. गल्लीच्या तोंडाशी हापसा आहे. बाईंनी मला तांब्याभर पाणी दिलं आणि मी पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

"गोड हाय ना? हे तळ्याचं पाणी, जमिनीतून गाळून आलेलं. टेकडीचं पाणी ओढ्यानं तळ्यात येतं, तळं भरतं, तळ्याखालच्या आडांना आणि ह्या हापशाला पाझरतं. वरच्या गल्लीत दारोदार बोअर हायत. आम्हाला हा एवढा एक. तळ्यात पाणी हाय तोवर आम्ही हाव."

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट वरण होतं. जेवता जेवता बाईंनी गोष्ट सांगितली.

"प्लॉटिंगवाले फक्की मारून गेले होते. पांढऱ्या रेघा, पार तळ्याच्या काठापर्यंत. ओढा जिथं तळ्यात उतरतो, बरोबर त्या तोंडात सिमेंटचा खांब रोवला. पाणी यायच्या वाटेवर प्लॉट. आम्ही अर्ज केले, तहसीलला जाऊन बसलो. सगळे म्हणायचे, बाई, तुमचं बरोबर हाय. बरोबर हाय असं म्हटलं की माणसाला वाटतं, आपलं काम झालं."

"मग?"

"मग येळवस आली. ज्यांना शेत हाय ते शेतात जातात. खालच्या गल्लीनं कुठं जायचं? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तळ्याच्या माळावर जेवतो. तिथंच कडब्याची कोप, खोपटासारखी, घालायची, पाच दगड धुवायचे, चुना लावायचा, पांडव म्हणून पुजायचे. जेवायचं, घरी यायचं. दगड तिथंच पडून र्‍हातात. पावसात चुना गेला की दगडाचे परत दगड. त्या वर्षी मी दुसऱ्या दिवशी पहाटे एकटी गेले. पाची दगड उचलून ओढ्याच्या तोंडात खांबाला टेकून ठेवले. वाटीत तेल घेऊन शेंदूर कालवला होता, तो फासला."

"तुम्ही?"

"मी. जन्मात देवळात गेले न्हाई. नवरा वारला तेव्हाबी न्हाई." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "दुपारपर्यंत नारळ आला. आठवड्यात झेंडा. मग एक दिवस प्लॉटिंगवाला सोता गाडीतून उतरला, चपला काढल्या, पाया पडला आणि गेला. खांब त्याच्याच माणसांनी काढून नेला. फक्की पावसात धुऊन गेली."

आम्ही नांदेडला एवढे कागद काळे केले, आणि या बाईनं वाटीभर तेलात काम भागवलं. मी बाहेर अंगणात येऊन संतोषला फोन लावला. मी म्हणाले, तोडगा सापडला. दगडाची, तेलाची, चपला काढणाऱ्या प्लॉटिंगवाल्याची सगळी गोष्ट घोळवून सांगितली. पलीकडं तो हसत होता.

आत आले तर बाई ताट घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अर्धं ऐकून लई खूश होऊ नको. बाकीचं उद्या डोळ्यानं बघ."

माळावर

सकाळी मला माळ दाखवायला माणिकआण्णा आले. किराणा दुकानवाले, गोरे, गुळगुळीत दाढी, खिशाला दोन पेनं. पूर्वी 'तळे बचाव समिती'चे अध्यक्ष होते, आता 'पाच पांडव देवस्थान व तळे बचाव समिती'चे अध्यक्ष आहेत. समिती तीच, माणसं तीच. देवस्थान तेवढं पुढं येऊन बसलं.

मी मोकळा माळ बघायला गेले होते. माळाला भिंत होती. भिंतीला कमान. आत सिमेंटचे रंगीत गट्टू बसवलेले, लाल, पिवळे, परत लाल. डावीकडं एक पत्र्याचं शेड, त्यात शेंदराचा दगड. त्याच्या पलीकडं दुसरं शेड, दुसरा दगड. मग तिसरं.

"एवढे?" मी विचारलं.

"वरच्या गल्लीनं म्हटलं, खालच्यांचे पाच, मग आपला एक तरी पाहिजे. मग मधल्या गल्लीनं म्हटलं. कुणाला नाराज करायचं?" आण्णा कौतुकानं सगळीकडं हात फिरवत होते. "एकाबी प्लॉटवाल्याची हिंमत न्हाई आता. सगळा माळ बांधून टाकला."

ओढ्याच्या तोंडाशी आलो. तिथं लोखंडी नळ्यांची आणि फळ्यांची सेंट्रिंग उभी होती, वर सळयांचं जाळं. ओढ्यात मुरूम ओतून पार सपाट केलेलं. मधोमध ते पाच दगड, टाइल्सच्या ओट्यावर, चांदीचे डोळे लावलेले. सभामंडप होत होता.

"येळवशीच्या दुसऱ्या दिवशी स्लॅब," आण्णा म्हणाले.

"आणि ओढा?"

"टाकली की नळी." त्यांनी मुरमातून डोकावणारा प्लास्टिकचा पाइप दाखवला. माझा हात कोपरापर्यंत कसाबसा आत गेला असता.

"आण्णा, एवढ्याशा नळीतून टेकडीचं पाणी तळ्यात येणार?"

"आता कुठं पाणी हाय?" त्यांनी कोरड्या ओढ्याकडं बघितलं. खरंच नव्हतं. थंडीत कुठल्याच ओढ्याला पाणी नसतं. पण डोळ्याला जे दिसत नाही ते नाहीच असं धरून चालायचं म्हटल्यावर बोलायचं काय?

तरी बोलले. "आण्णा, आधी इथं किती छान असेल."

"आधी इथं काय होतं?"

"काहीच नव्हतं. तेच तर पाहिजे होतं."

आण्णांना राग आला नाही. ते मला समजावू लागले, शाळेतल्या पोरीला समजावावं तसं. "हे बघा ताई, मोकळी जागा म्हणजे कुणाचीच न्हाई. कुणाचीच न्हाई म्हणजे कुणीबी घेणार. आता देवाची हाय. वाचली का न्हाई, तेवढं सांगा."

लबाड माणसाला मी उत्तरं देऊ शकते, पत्रकांनी तेवढं शिकवलंय. हा माणूस लबाड नव्हता. तहसीलला जाऊन बाईंच्या शेजारी बसणाऱ्यांत तो होता.

बांधावर रझाकभाईंचा चहाचा गाडा आहे. तळ्याकाठी उभं राहून चहा विकण्यात त्यांचं वय गेलं. तळ्यात तेव्हा निम्म्याच्या खाली पाणी होतं, कडेला भेगा पडलेला गाळ. मी कट्ट्यावर बसले तसं त्यांनी न मागता कप पुढं केला.

"आण्णानं दिखाया सब?"

"दाखवलं."

"पहिले पाऊस पडला का ओढा गाड्याच्या मागून धाड धाड यायचा. गिऱ्हाईकाला वरडून विचारावं लागायचं, साखर किती. ह्या साली मुरूम टाकला आन पानी आलं ते गट्टूवर फिरून गेलं खालच्या गल्लीत, घरात घुसलं." त्यांनी फडक्यानं हात पुसले. "अब पानी कू बी रस्ता पूछना पडताय ताई. और बतानेवाला कोई नै."

येळवस

सकाळपासून बाईंच्या घरात भज्जी शिजत होती. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, मेथी, चाकवत, चिंच, बेसन, रानात जे जे उगवतं ते सगळं एका पातेल्यात. सोबत बाजरीचे उंडे आणि मातीच्या बिंदगीत आंबील. नांदेडच्या होस्टेलचं जेवण खाणाऱ्या माणसाला हा वास आला की रडू येतं.

डोक्यावर पाट्या घेऊन खालची गल्ली माळाकडं निघाली. बायका, म्हातारे, कडेवरची लेकरं, कडब्याच्या पेंढ्या. वरच्या गल्लीतले लोक केव्हाच शेतात गेले होते, गाव सुनं होतं. मी बाईंच्या मागं होते. कमानीपाशी सगळे थांबले.

कमानीला नवी पाटी लावली होती. "हे देवस्थान आहे. येथे चूल पेटवू नये. जेवण करू नये. पावित्र्य राखा."

पाटी सगळ्यांनी वाचली. ज्यांना येत नव्हती त्यांना दुसऱ्यांनी वाचून दाखवली. एक म्हातारी म्हणाली, "आपुन तर देवाचंच जेवून र्‍हायलोय की." दारावर बसवलेला पोरगा खालच्या गल्लीतलाच होता. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "गट्टू काळे पडतात, आजे. समितीनं सांगितलंय."

कुणी भांडलं नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं. मी पुढं होऊन बोलायला लागले तर बाईंनी माझा हात दाबला. सगळी माणसं वळली आणि रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, चारीच्या काठावर बसली. कोप तिथंच घातली. पाच दगड तिथलेच उचलले, खडी पडलेली होती त्यातले. चुना लावला. ट्रक गेला की धूळ भज्जीवर बसायची आणि बायका पदर आडवा धरायच्या. आंबील आंबट, गार, घशातून उतरताना लसणीचा झटका देणारं. एवढं चांगलं आंबील मी एवढ्या रागानं कधी प्याले नव्हते.

बाईंनी दोन घास खाल्ले. सगळा वेळ भिंतीकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "आज आरतीला मी बोलणार. खरं सांगणार. दगड मी ठेवलेत हे कळलं की स्लॅब कशाला टाकतील?"

मला पटलं. खरं सांगितलं की लोक ऐकतात, या एका गोष्टीवर आमची सगळी पत्रकं उभी आहेत.

दिवस मावळायला आरती झाली. शेतातून परतलेलं गाव माळावर जमलं होतं. आण्णांनी माइकवर देणगीदारांचे आभार मानले, उद्याच्या स्लॅबची वेळ सांगितली. बाई उठल्या आणि त्यांनी आण्णांच्या हातातून माइक घेतला. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळं आपोआप शांतता झाली.

"हे पाच दगड देवानं ठेवले न्हाईत," बाई म्हणाल्या. "मी ठेवले. येळवशीचे दगड होते, चारचौघांत पूजलेले, साधे. खांबवाल्यांना भ्या वाटावं म्हणून मी शेंदूर फासला. शेंदूर माणिकच्या दुकानातून आणला, त्याला आठवत असेल. मी देवाला मानत न्हाई, हे तुम्हा सगळ्यांना म्हाईत हाय. मला पाणी पाहिजे होतं. हा मंडप ओढ्याच्या तोंडात उभा र्‍हातोय. स्लॅब पडला की तळं मेलं. दगड उचला, मुरूम काढा, ओढा मोकळा करा. कसलं पाप लागत असेल तर ते माझ्याकडं लावा."

माइकमधून नुसता घरघर आवाज येत राहिला. मी लोकांचे चेहरे बघत होते. मला वाटलं, आता ओरडतील, नाहीतर मारायला धावतील. त्यापलीकडं काय होऊ शकतं हे माझ्या डोक्यात नव्हतं.

सगळ्यात आधी आण्णांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"आठवतंय बाई," ते म्हणाले. "तुम्ही शेंदूर मागितला तेव्हा मी चाट पडलो होतो. म्हटलं, बाई आणि शेंदूर? जी बाई देवळाची पायरी चढली न्हाई, तिच्या हातानं देवानं करून घेतलं. यापेक्षा मोठी साक्ष कोणती पाहिजे?"

"अरे, मी विज्ञान शिकवलंय तुला," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर."

मागून एक बाई आली आणि इंदूबाईंच्या पाया पडली. मग दुसरी. मग रांग. बाई पाय मागं घेत होत्या, ओट्याला टेकल्या, मागं जागा संपली. आण्णांनी शाल आणवली, नारळ आणवला. शाल खांद्यावर टाकली तशा टाळ्या झाल्या. उद्या स्लॅबचं पहिलं घमेलं बाईंच्या हातानं, असं तिथंच ठरलं. खालच्या गल्लीतल्या बायकाही टाळ्या वाजवत होत्या. दुपारी रस्त्याच्या कडेला बसून जेवलेल्या. आपल्या गल्लीतल्या बाईचा मान झाला म्हणून त्या खूश होत्या.

घरी आल्यावर बाईंनी शाल घडी करून आंबिलाच्या रिकाम्या बिंदगीवर ठेवली.

स्लॅब

सकाळी उठले तर बाई घरात नव्हत्या. मी धावत माळावर गेले. त्या ओढ्यात, सेंट्रिंगच्या फळ्यांखाली, मुरमावर उभ्या होत्या. एकट्या. मी जाऊन शेजारी उभी राहिले. मिक्सर आला होता, गिट्टी आणि वाळूचे ढीग लागले होते, गवंडी विड्या ओढत थांबले होते.

"बाई, भायेर या. तुमच्याच हातानं सुरू करायचंय," आण्णा खाली वाकून म्हणाले.

"मी हलणार न्हाई."

"तिथं धोका हाय, बाई."

"धोका हाय म्हणूनच उभी हाय."

मी घोषणा द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याच लक्षात आलं की समोर शत्रू कुणीच नाही. तिथं हार घेऊन आलेल्या बायका होत्या. मग दोन गवंडी विडी टाकून खाली उतरले. दोघंही बाईंचे विद्यार्थी. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणली होती. "माफ करा बाई," एक जण म्हणाला, आणि दोघांनी त्यांना अलगद खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचललं. बाई दोन्ही हातांनी त्यांचे खांदे ढकलत होत्या. वरून बघणाऱ्यांना वाटलं, मिरवणूकच आहे. हलगी सुरू झाली. खुर्ची बाहेर मिक्सरसमोर नेऊन ठेवली, कुणीतरी घमेल्याला बाईंचा हात लावला, आणि मिक्सर फिरला.

मला कुणी उचललं नाही. "ताई, तुम्ही बी या की फोटोला," एवढंच म्हणाले.

काँक्रीटला पाणी लागतं. तळ्याच्या काठावर मोटार लावली होती आणि काळा पाइप गाळावरून सरपटत मिक्सरपर्यंत आला होता. आधीच खाली गेलेलं तळं माझ्या डोळ्यांदेखत आणखी खाली चाललं होतं. रझाकभाई गाडा सोडून माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"तालाब का पानी," ते म्हणाले, "तालाब के मुँह में ठूस रहें."

दुपारपर्यंत स्लॅब पडला. तो पंधरा दिवस ओला ठेवायचा असतो. तेही पाणी तळ्यातूनच.

बाई मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. काळी-पिवळी भरेपर्यंत आम्ही उभ्या राहिलो. मी म्हटलं, आपण वर तक्रार करू, ओढा बुजवणं बेकायदा आहे, मी नांदेडहून माणसं आणते.

"आण," त्या म्हणाल्या. "पण देवळावर हातोडा मारायला कुणी येणार न्हाई. म्हणून तर मी देऊळ केलं ना." मग माझी पिशवी गाडीत ठेवत, "माझा उपाय चुकला असता तर बरं झालं असतं, पोरी. लई लागू पडला."

परत नांदेड

बसमध्ये मी झोपले नाही. उदगीर मागं पडलं, कमानी परत सुरू झाल्या. मी मनातल्या मनात पत्रक लिहीत होते. नेहमीसारखं मथळ्यापासून सुरू केलं आणि मथळ्यातच अडकले. कुणाचा धिक्कार करायचा? बाईंचा? आण्णांचा? पाया पडणाऱ्या त्या बायकांचा? आमच्या पत्रकात 'धिक्कार असो'च्या आधी एक नाव लागतं. ते मला चार दिवसांत सापडलं नव्हतं.

होस्टेलवर जायच्या आधी मैदानाकडून गेले. राडारोड्याचा ढीग होता तिथंच होता. पण पत्र्याच्या शेडापाशी, जिथून रोज अतिक्रमण पुढं सरकायचं, त्या कोपऱ्यात एक दगड उभा केलेला होता. शेंदूर ताजा, कुणीतरी आजच घातलेलं तेल अजून ओघळत होतं. पुढं झेंडूची दोन फुलं, एक विझलेली उदबत्ती. संतोषला फोन केला तर पठ्ठ्या खुशीत होता. "सरप्राइज होतं तुला. दोन दिवस झाले बसवून. शेडवाल्यानं एक पाऊल पुढं टाकलेलं नाही."

मी फोन बंद केला आणि दगडाकडं निघाले. तो आत्ताच उचलायचा होता. बाईंना त्यांचे दगड उचलता आले असते तेव्हा त्यांनी उचलले नव्हते.

वाकले तसा मागून आवाज आला. शेजारच्या वस्तीतली एक बाई उभी होती, हातात तांब्या, तांब्यात पाणी.

"ताई, चपला काढून हात लावा."

मी चपला काढल्या. का काढल्या, माहीत नाही. मग दगड उचलला. दिसतो त्यापेक्षा जड निघाला, आणि शेंदूर माझ्या हाताला, सदऱ्याला, सगळीकडं लागला. ती बाई ओरडली नाही, घाबरली नाही. तिनं बाजूला सरकून मला वाट करून दिली आणि सगळ्या मैदानावरून एकवार नजर फिरवली.

"बरं केलंत," ती म्हणाली. "इथं कोपऱ्यात बरा नव्हता दिसत. आता कुठं बसवणार?"